गावात अभ्यासाचा भोंगा: बसवायचा कसा आणि तिसऱ्या महिन्यानंतरही चालवायचा कसा

एकट्या घराने टीव्ही बंद ठेवला की काय होतं, हे बहुतेक आयांना ठाऊक आहे. पोरगं पुस्तक उघडतं, शेजारच्या भिंतीतून मालिकेचं गाणं सुरू होतं आणि पाचव्या मिनिटाला ‘पाणी पिऊन येतो’ म्हणत ते शेजारी जाऊन बसतं. यात पोराचा दोष थोडा आणि गल्लीचा जास्त. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारच्या चराईबंदीतही हेच होतं. एका घराने शेळ्या बांधल्या म्हणून डोंगर हिरवा होत नाही, आणि एकाच घराच्या शेळ्या मोकळ्या राहिल्या तरी सगळ्यांची बंदी वाया जाते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 साली हाच हिशेब अभ्यासाला लावला. करोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना, तेव्हा गावाने देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सातला तो वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. असं आपल्या गावात करायचं तर भोंगा विकत आणणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम आहे.

आधी गल्ली मोजा

तीन वेगवेगळ्या गल्ल्या निवडा: एक गावठाणातली, एक नव्या वसाहतीतली, एक मळ्यातली वस्ती. तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, सात, साडेसात आणि आठ वाजता तिथून चक्कर मारा. वहीत चारच रकाने ठेवा: टीव्ही चालू आहे का, मूल कुठे आहे, ते बसतं तिथे उजेड किती, घरात मोठं माणूस कोण आहे.

‘तुमचा मुलगा अभ्यास करतो का?’ असं दारात विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा विचारा, दूध घालायला कोण जातं आणि किती वाजता? जेवण कधी होतं? मोबाईल चार्जिंगला कुठे लावता? या तीन उत्तरांत घराची संध्याकाळ कळते. डेअरीचं संकलन साडेसातपर्यंत चालत असेल तर किटली घेऊन रांगेत उभी असलेली निम्मी पोरं सातच्या भोंग्याला घरी नसणार. अशा गावात एकतर डेअरीला संकलन आधी आटपायला सांगा, नाहीतर भोंगाच साडेसातला ठेवा. दुसऱ्या गावाची वेळ जशीच्या तशी उचलली की पहिली चूक इथेच होते.

ऋतूही बघा. दक्षिण महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. उन्हाळ्यात उजेड असताना मैदानावरून पोरांना ओढून आणलं तर ती भोंग्याचा रागच करतील. खेळाची वेळ कापून अभ्यासाची करू नये. कापायची ती पडद्याची.

ठराव

सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागतेच. हा विषय तिथूनच येऊ द्या. कारण सातला चूल, भाकरी, धारा, मालिका आणि पोरांचा अभ्यास हे सगळं एकाच बाईच्या अंगावर असतं. तिने वेळ ठरवली नाही तर ती टिकत नाही. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावा. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. तहकूब सभेत गणपूर्ती लागत नाही म्हणून तिथे ठराव उरकून घेऊ नका. कागद होईल, पण टीव्ही बंद होणार नाही.

ठरावाचा मजकूर साधारण असा ठेवा: ‘दररोज सायंकाळी 7.00 ते 8.30 या वेळेत गावातील सर्व कुटुंबांनी दूरचित्रवाणी बंद व मोबाईल बाजूला ठेवून मुलांना अभ्यासास शांतता द्यावी. हे पालन स्वेच्छेचे राहील; कोणताही दंड अथवा सुविधा बंद करण्याची कारवाई केली जाणार नाही. तातडीचे फोन, आजारपण, दुकानातील व्यवहार व शेतीपंपाचा मोबाईल स्टार्टर यांस सूट राहील.’

स्टार्टरची ओळ विसरलात तर पहिल्याच आठवड्यात भांडण ठरलेलं. लाईट आली की मोटर फोनवरूनच चालू करायची असते, आणि ती कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

दंडाच्या भानगडीत अजिबात पडू नका. टीव्ही लावला म्हणून दाखला अडवणं, नळ तोडणं, लग्नकार्यात न बोलावणं हे बेकायदा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘गावाने ठरवलं होतं’ ही त्याला सबब होत नाही. हागणदारीमुक्तीच्या काळातली गुड मॉर्निंग पथकं आठवा. लोटा घेऊन निघालेल्या माणसाला गाठून फजीत केलं, तो दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने गेला. टीव्हीचंही तसंच होतं. आवाज बंद करून चित्र चालू राहतं, आणि पोरगं त्या निळ्या उजेडाकडे बघत बसतं.

भोंगा

कारखान्याच्या पट्ट्यात पाळीचा भोंगा वाजतो, नदीकाठी पुराचा इशारा देणारा भोंगा असतो. आपला आवाज त्यांच्याहून वेगळा हवा. सातला दहा-पंधरा सेकंद सलग आणि साडेआठला दोन तुटक आवाज पुरे. विकत घेण्याआधी दुकानदाराचा भोंगा एक संध्याकाळ आणून वाजवा आणि शेवटच्या वस्तीवर माणूस उभा करून ऐकवा. डब्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या माळावरचा असतो. मधे ऊस उभा असला किंवा वारा उलटा असला की आवाज बराच कमी पडतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि दवाखाना, शाळा यांच्याभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र असतं. म्हणून वाजवणं सेकंदांपुरतं ठेवा, जागा निवडताना दवाखाना टाळा आणि परवानगीचं पोलीस ठाण्यात आधी विचारून लेखी घ्या.

घरातला कोपरा

खरी मेहनत इथे आहे. गावातलं बरंचसं घर म्हणजे एक खोली आणि एक पडवी. सव्वासातला तिथलं चित्र बघा. चुलीपाशी कुकरची शिट्टी, मधोमध आजोबांची बाज, बल्ब दाराच्या वर. मूल भिंतीकडे तोंड करून बसलंय, त्यामुळे त्याची स्वतःचीच सावली वहीवर. ते पुढे वाकतं, सावली आणखी गडद होते, दहा मिनिटांत मान दुखते आणि ते उठतं. घरचे म्हणतात, याचं चित्तच लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. वहीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. हाताची कडक, काळी सावली लिहायच्या जागी पडली तर बसायची जागा बदला. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून उजेड यावा, डावखुऱ्याच्या उजव्या. छोट्या खोलीला 9 वॉटचा एलईडी बल्ब पुरतो, फक्त तो दारावरून काढून मूल बसतं त्या बाजूला आणा. वायर आणि होल्डरचा खर्च अगदी थोडा येतो, आणि गल्लीत एक वायरमन पोरगा असला तर एका रविवारी पंधरा घरं होतात. भिंत धुरकट असेल तर त्या कोपऱ्याला चुना मारा. उजेडात फरक लगेच दिसतो.

लिहायला मांडी घालून बसणाऱ्या लहान मुलाला दहा इंच उंचीचं बसकं मेज लागतं, मोठ्याला बारा. नसेल तर दोन्ही बाजूंना विटा उभ्या करून वर पाट टाका. वीट नऊ इंच लांब असते, त्यामुळे पाटाची जाडी धरून लहानाचं माप आपोआप जुळतं. विटा डगमगतात, म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन घेऊन गोणपाटात घट्ट बांधा.

मोबाईल मात्र त्या खोलीत नको. उलटा ठेवलेला मोबाईलही मूल बघतच असतं. चार्जिंग पडवीत न्या, वर फळी मारा. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येत असेल तर गुरुजींना सांगा, सहाच्या आत टाका. मूल तो सातच्या आधी कागदावर उतरवून घेईल. हे ठरलं नाही तर ‘अभ्यासच बघतोय’ या एका वाक्यापुढे सगळी योजना आडवी होते.

दीड तास सगळ्यांना एकसारखा नको

पहिली-दुसरीचं मूल नव्वद मिनिटं बसत नाही, बसवूही नये. त्यांना वीस मिनिटं मोठ्याने वाचन, थोडी मोकळीक, मग वीस मिनिटं लेखन. तिसरी ते पाचवीला साधारण चाळीस-पन्नास मिनिटं, सहावी ते आठवीला तासभर. पूर्ण दीड तास नववी-दहावीवाल्यांसाठी. उरलेल्या वेळात लहानांनी शांतपणे चित्रं काढावीत, आईला शेंगा निवडू लागाव्यात. पडदा तेवढा नको.

आईबापांना अक्षरओळख नसली तरी अडत नाही. मुलाला मोठ्याने वाचायला सांगायचं, ओळीखाली बोट ठेवायला लावायचं आणि ‘काल कुठपर्यंत आलं होतं?’ एवढं रोज विचारायचं. अडखळलं की कळतंच. बाप पारावर मोबाईल बघत बसला असेल तर मात्र पोराला काही सांगायची सोय राहत नाही. भोंगा मुलांसाठी म्हणतात, पण तो बहुतेक वेळा पारावर हरतो. पारावरच्या मंडळींची जबाबदारी पाच जाणत्यांनी घ्यावी. पेपर वाचा, भजनाचा सराव करा, निदान गप्पा मारा.

ज्यांच्या घरी कोपराच नाही

अशांसाठी एक खोली उघडायची. जमिनीवर बसून लिहिणाऱ्या मुलाला दप्तरासकट 10 चौरस फूट धरा. 15 बाय 20 च्या खोलीत ये-जा करायची वाट सोडून 25 मुलं बसतात. 20 वॉटच्या सहा एलईडी ट्यूब आणि 75 वॉटचे दोन पंखे मिळून 270 वॉट होतात. दीड तासाला साधारण 400 वॉट-तास, म्हणजे 12 व्होल्ट, 150 एएचची चांगली बॅटरी लाईट गेली तरी सहज निभावते.

जागा कोणती, हा अवघड प्रश्न आहे. समाजमंदिर एका वस्तीचं मानलं जातं, देवळाचा सभामंडप दुसऱ्यांचा. दोन्हीकडे काही पोरं पायरी चढत नाहीत, आणि त्याचं कारण कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग सगळ्यात बरा. किल्ल्या दोन, दोन वेगवेगळ्या घरांत. साडेआठला मुली परत कोणत्या वाटेने जातात ते चालून बघा. त्या वाटेवरचा एक दिवा बंद असला तर आठवड्याभरात मुलींची हजेरी शून्यावर येते, आणि वहीत कारण ‘घरी काम’ असं लिहिलं जातं.

ऊसतोडीच्या हंगामात शिवारात पडलेल्या खोप्यांतली मुलं गावाच्या यादीत नसतात. त्यांनाही बोलवा. पहाटे फडात जाणारे आईबाप रात्री लवकर झोपतात, म्हणून या मुलांना आठलाच सोडा.

कुठे मोडतं

तिसऱ्या आठवड्यात कौतुक संपतं. मग गणपती, यात्रा, आयपीएल, निवडणूक. सुट्ट्या आधीच फळ्यावर लिहा: यात्रेचे दोन दिवस, विसर्जनाचा एक; आणि पुन्हा सुरू व्हायची तारीखही त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात. ‘नंतर बघू’ म्हणून बंद पडलेला भोंगा परत सुरू करताना नव्याने सभा घ्यावी लागते. गल्लीमागे दोन माणसं नेमा, त्यात एक बाई असावी. त्यांनी घरात डोकवायचं नाही. टीव्हीचा आवाज ऐकू आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहज बोलायचं.

परिणाम मार्कांवर मोजू नका. परीक्षेच्या मार्कांत शिकवणी, पेपर, कॉपी सगळं मिसळलेलं असतं. पहिल्या दिवशी तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट वाचायला द्या. कोणतं मूल कोणत्या पायरीवर अडलं ते लिहून ठेवा आणि नव्वद दिवसांनी नवा उतारा घेऊन पुन्हा बघा. जी मुलं हलली नाहीत त्यांच्या घरी परत जा. बहुतेकदा बल्ब अजून दारावरच असतो.

शेवटचं, टायमरचं. भोंगा रोज हाताने वाजवायचा तर शिपाई रजेवर गेला की गाव शांत. आपोआप वाजणारा टायमर लावताना चावीच्या घड्याळासारखा फिरणारा स्वस्त टायमर घेऊ नका. लाईट गेली की तो थांबतो, आणि दुपारी दोन तास भारनियमन झालं की सातचा भोंगा नऊला वाजतो. आत स्वतःचा सेल असलेला डिजिटल टायमर घ्या, भोंग्यासाठी वेगळा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा घड्याळ जुळवून घ्या.