त्रिकोण दीर्घिकेतली तारानिर्मिती टिपताना या चुका टाळा

त्रिकोण दीर्घिका म्हणजेच एम३३ आपल्यापासून सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवर आहे. सर्पिल आहे, बरीचशी आपल्याकडे तोंड करून आहे आणि तिच्या भुजांमध्ये आजही जोमाने तारे जन्माला येत आहेत. तारानिर्मिती शिकायला हौशी दुर्बिणीच्या आवाक्यात इतकी चांगली दीर्घिका क्वचितच सापडते. म्हणूनच तिचे फोटो बघताना पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसल्या की जीव तुटतो. यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. ताऱ्यांचा उजेड कुठला आणि वायूचा कुठला, हे वेगळं केलेलंच नसतं.

सूर्यापेक्षा कितीतरी जड आणि तापलेले नवे तारे भोवतीच्या हायड्रोजनवर अतिनील किरणांचा मारा करतात. त्यात इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पुन्हा अणूत परतताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतात. हाच हायड्रोजन-अल्फा. असे तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात. त्यामुळे हा लाल प्रकाश खरोखर वायूचा असेल, तर तिथे तारे अलीकडेच जन्मले असं म्हणता येतं.

अल्फाचा डेटा सरळ लाल चॅनेलमध्ये ओतणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. अल्फा फिल्टर, म्हणजे या लाल रेषेभोवतीचा चिंचोळा पट्टाच सोडणारी काच, फक्त वायूचा प्रकाश आत सोडतो, असा समज पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात त्या चिंचोळ्या पट्ट्यात ताऱ्यांचा साधा, अखंड वर्णपटाचा प्रकाशही येतो. जिथे ताऱ्यांची दाटी जास्त, तिथे तो जास्त येतो. आणि दीर्घिकेत सर्वांत दाटी असते केंद्रात.

एका तरुण छायाचित्रकाराने मला एम३३ चा फोटो पाठवला होता. एक्स्पोजर भरपूर, गायडिंग (दुर्बिणीने ताऱ्यांचा माग घेणं) उत्तम, तारे अगदी गोल. पण केंद्र लालभडक, आणि खाली ओळ होती, ‘केंद्रात तारानिर्मितीचा स्फोट’. त्याला म्हटलं, स्ट्रेच न केलेल्या, म्हणजे मंद भाग उजळवण्याआधीच्या, दोन्ही फाइल पाठव, अल्फाची आणि साध्या लाल फिल्टरची. दोन्ही शेजारी ठेवल्या. कोपऱ्यातल्या साध्या ताऱ्यांच्या मानाने केंद्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच उजळ होतं. म्हणजे त्या लालीत वायूचा वाटा फारसा नव्हताच. लाल फिल्टरची प्रतिमा योग्य प्रमाणात वजा केली तशी केंद्राची लाली विरली आणि एनजीसी यादीतले ६०४, ५९५, ५९२, ५८८ हे चार तेजोमेघ भुजांवर स्वच्छ उभे राहिले. आधीच्या फोटोत ते लाल धुक्यात अर्धे बुडाले होते. इतक्या रात्री जागून गोळा केलेला डेटा वजाबाकीच्या एका पायरीसाठी वाया जात होता. ती पायरी का गाळली विचारलं, तर म्हणाला की झटपट प्रोसेसिंगच्या व्हिडिओत ती नव्हती. या झटपट पद्धतींवर माझा राग आहे तो यासाठी. त्या चित्र सुंदर करून देतात आणि माहिती खोटी करून ठेवतात.

वजाबाकी माझ्या सवयीने सांगतो. दोन्ही प्रतिमा लिनियर असतानाच, स्ट्रेच करण्याआधी, हे काम उरकायचं. दीर्घिकेपासून दूरचे, मध्यम तेजाचे चार-पाच तारे निवडायचे. हे आपल्याच आकाशगंगेतले, अल्फाचा खास प्रकाश नसलेले. लाल प्रतिमेला एका गुणकाने गुणून ती अल्फातून वजा करायची आणि नजर या ताऱ्यांवर ठेवायची. ते पांढरे ठिपके म्हणून उरले तर गुणक वाढवा, त्यांच्या जागी काळी भोकं पडली तर कमी करा. ताऱ्यांभोवती कडी उरत असतील, तर दोन रात्रींचं सीइंग, म्हणजे हवेची स्थिरता, वेगळं होतं असं समजा आणि जास्त रेखीव प्रतिमा किंचित मऊ करून घ्या. लाल फिल्टरमध्येही थोडा अल्फा असतोच, त्यामुळे खरा सिग्नल जरासा कापला जातो. फोटोसाठी ते चालतं. मोजमाप करायचं असेल तर चालत नाही.

फोटोतून तारे वेगळे काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास

एनजीसी ६०४ सुमारे १,५०० प्रकाशवर्षं रुंद आहे. त्यात दोनशेहून अधिक तप्त, जड तारे आहेत आणि मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ त्यापुढे अगदी चिमुकला ठरतो. तरी २७ लाख प्रकाशवर्षांवरून तो जेमतेम दोन कलामिनिटांचा (एका अंशाचा तिसावा भाग) दिसतो. बाकीचे तेजोमेघ आणखी लहान. कमी फोकल लेंग्थवर ते ताऱ्यासारखे टिंब होतात आणि सॉफ्टवेअर त्यांना तारा समजून उचलून नेतं. मग लोक गुळगुळीत, निळसर भुजा दाखवतात आणि ज्यासाठी ही दीर्घिका टिपायची, तेच नेमकं गेलेलं असतं. काढलेल्या ताऱ्यांचा थर मी नेहमी वेगळा उघडून तपासतो. त्यात भुजांच्या रेषेत लालसर टिंबं दिसली, की ती हाताने मास्क करून परत आणतो. वेळ लागतो, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कारखान्यातून आलेल्या साध्या डीएसएलआरने लाल गाठी उठत नसतील, तर एक्स्पोजर वाढवत बसू नका. सेन्सरपुढची काच अल्फाचा मोठा भाग अडवते.

दोन भुजांमधली जागा रिकामी नसते. तिथेही भरपूर तारे आहेत. भुजा उठून दिसतात त्या अल्पायुषी, प्रखर ताऱ्यांमुळे. पार्श्वभूमी काळीकुट्ट करण्याच्या नादात तो मंद उजेड छाटू नका.

डोळ्याने बघताना थेट मोठं वर्धन लावू नका. एम३३ ची लांबी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून जास्त आहे आणि तिचा उजेड तेवढ्या भागावर पसरलेला आहे. मोठ्या वर्धनात ती नजरेच्या चौकटीत मावतच नाही, आणि भोवतीचं काळं आकाश दिसलं नाही तर ती ओळखूही येत नाही. नवखे लोक इथेच कंटाळून ‘दिसत नाही’ म्हणतात. आधी अंधाऱ्या आकाशाखाली १०×५० च्या बायनॉक्युलरने तो फिकट डाग पक्का करा, मग दुर्बिणीत सर्वांत कमी वर्धनाची आयपीस लावा. एनजीसी ६०४ साठी मात्र उलट, तिथे वर्धन वाढवा. ऑक्सिजन-३ फिल्टर (वायूतल्या ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश तेवढा सोडणारा) लावला की तेजोमेघ टिकतो आणि दीर्घिका मंदावते, कारण तिचा बहुतेक उजेड ताऱ्यांचा आहे. हा फिल्टर आत-बाहेर करून बघा, दोन उजेडांतला फरक डोळ्यालाच कळतो.

तीन नॅनोमीटर रुंद पट्ट्याचा अल्फा फिल्टर विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एम३३ आपल्याकडे सेकंदाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने येते आहे, त्यामुळे तिची अल्फा रेषा साधारण ०.४ नॅनोमीटर निळ्या बाजूला सरकते. तेवढं त्या पट्ट्यात बसतं. पण सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकेची रेषा दोन नॅनोमीटरहून जास्त सरकते आणि पट्ट्याबाहेर जाते. तिथे रात्रभर टिपूनही वायू येणार नाही. आधी दीर्घिकेचा वेग बघा, मग फिल्टर निवडा.

आणि लाल दिसत नाही म्हणून तिथे तारे जन्मत नाहीत, असं फोटोखाली लिहू नका. सर्वांत नवे तारे धुळीच्या आत असतात. त्यांचा प्रकाश धूळ शोषते आणि अवरक्तात परत टाकते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये एनजीसी ६०४ च्या अवरक्त प्रतिमा दिल्या, त्यांत दृश्य प्रकाशात काळसर वाटणारी धूळ स्वतःच झळकताना दिसते. आपल्या अल्फा प्रतिमेत दिसतो तो धुळीतून बाहेर पडलेल्या ताऱ्यांनी उजळवलेला वायूच, त्यामुळे फोटोखाली तेवढाच दावा करा.