कोकणातली जुनी पद्मिनी लांबून घेताय? आधी पत्रा तपासून घ्या

गाडी देवगड-वेंगुर्ल्याकडे आणि घेणारा पुण्या-नागपुरात असेल, तर तपासणीचा क्रम उलटा ठेवावा: पत्रा आधी, इंजिन नंतर. प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे जुन्या ‘फियाट’चं, 1089 सीसीचं इंजिन उघडून नीट करणारे मिस्त्री अजून आहेत. पण पद्मिनीला आणि अ‍ॅम्बेसेडरला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालची भक्कम लोखंडी चौकट, नाही. फरशी, दरवाज्यांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी यांच्याच जोरावर गाडी उभी असते, आणि खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस नेमका तिथेच पत्रा खातो. जुन्या जीपचं बरं, तिची चेसिस वेगळी असल्यामुळे बॉडी सडली तरी बदलता येते.

माणूस निवडताना एक गोष्ट पक्की ठेवा. मालकाची गाडी नेहमी बघणारा मिस्त्री नको आणि त्याच गावातलाही नको. गाडी देवगडात असेल तर कणकवली-कुडाळकडचा बघा, गुहागरात असेल तर चिपळूणचा. शक्यतो दोघं पाठवा, एक इंजिनवाला आणि एक डेंटिंगवाला, म्हणजे पत्र्याचं काम करणारा. एकच परवडत असेल तर डेंटिंगवाला. दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च आधीच द्या, आणि सौदा झाला किंवा मोडला तरी पैसे तेवढेच, हे बोलून घ्या. विकणाऱ्याकडून दलाली मिळणार असेल तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. व्हिडिओ कॉलवर भिस्त ठेवू नका, खाडीकाठच्या बऱ्याच वाड्यांत रेंज नसते. व्हिडिओ तिथे काढून बाजारपेठेत आल्यावर पाठवायला सांगा.

मिस्त्रीसोबत हवं ते असं: टॉर्च, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), मल्टिमीटर (व्होल्ट मोजायला), पेन्सिल आणि पातळ कागद, जॅक आणि दोन मजबूत लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, सडक्या पत्र्याच्या गाडीखाली तर मुळीच नाही. जॅक लावायची जागाच आत दबली, तर अर्धी तपासणी तिथेच झाली.

सुरुवात आतून करावी. चारही पायांखालचे गालिचे आणि रबर उचलून फरशी उघडी पाहावी. गालिचा चिकटवलेला असेल तर मालकाच्या परवानगीने कोपरा सोडवावा. परवानगी मिळाली नाही, तर ती नोंदही महत्त्वाची. फरशी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. घट्ट पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग डिकीतलं स्टेपनी चाक काढून खालची खोलगट जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे बघावेत. काचेच्या कोपऱ्यातून झिरपणारं पाणी डॅशबोर्डामागून थेट पायांखाली येतं, त्यामुळे फरशीचा गंज पुष्कळदा वरून सुरू झालेला असतो.

खाली गेल्यावर सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे मागच्या पाट्यांचे, लीफ स्प्रिंगचे, दोन्ही टोकांचे आधार. तिथला पत्रा सोलत असेल तर सौदा सोडलेला बरा. कमानींच्या आत जांभ्याची लाल माती थरांनी साचते. ती ओल धरून ठेवते आणि वरून रंग शाबूत दिसत असताना आतून पत्रा जातो, म्हणून माती खरवडूनच बघायला सांगा. दरवाज्यांच्या तळाची पाणी निघायची भोकंही याच मातीने बुजतात. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारण्याची जुनी पद्धत आहे, ती चांगलीच. तेलकट, मळकट थर दिसला तर घाबरू नका. संशय घ्यायचा तो ताज्या, काळ्याकुळकुळीत अंडरकोटिंगचा, म्हणजे गाडीच्या तळाला मारलेल्या लेपाचा. त्याखाली बहुधा वेल्डिंगचे तुकडे किंवा खड्डे भरायची पुट्टी असते. बाहेरून कमानींच्या कडा आणि दरवाज्यांचे खालचे चार बोटं भाग यांवर चुंबक फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे.

मे महिन्यात सगळंच कोरडं आणि ताजं रंगवलेलं दिसतं. पावसाळ्यात किंवा गणपतीच्या आसपास तपासणी झाली तर उत्तम, नाहीतर नळीने काचांवर आणि छतावर दहा मिनिटं पाणी मारून आत बोटं फिरवावीत.

आता इंजिन. मालकाला आदल्या रात्रीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. मिस्त्रीने पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनला हात लावावा. गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबावं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या माथ्याखालचा सांधा बंद ठेवणारा थर) गेलं असं समजू नये. दमट हवेत थोडंथोडं चालणाऱ्या गाडीत तशी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेल तरंगत असेल, तर मात्र खरंच पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे लिहून पाठवायला सांगा. फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं: आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. वायरिंगमध्ये समुद्राकाठी पहिली जाते ती अर्थिंग. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर जोड गंजलेले आहेत. पडवीत किंवा मांगरात (शेतावरच्या खोपटात) वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, तेही बघावं. टाकीत टॉर्च मारून गंज पाहावा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरी नळी फुगते, ती बदलायची हे धरूनच चाला.

ब्रेकचं पेडल दाबून अर्धा मिनिट धरावं. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर गेला किंवा कुठेतरी गळती आहे. स्टीलच्या ब्रेक पाइपवर गंजाचे फोड दिसले तर गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेक ठीक असतील तर एखाद्या चढणीवर न्यावी. कोकणात ती शोधावी लागत नाही. चढताना निळा धूर रिंगांचा, लांब उतारावर पाय उचलून पुन्हा दाबल्यावर येणारा निळा धूर बहुधा व्हॉल्व्ह गाइडचा. उतारावर गिअर सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार.

कागदांमध्ये आरसी बुकावरचा चेसिस नंबर प्रत्यक्ष नंबराशी जुळवायचा. कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्या आणि फोटो मागवा. खाऱ्या हवेने नंबर खाल्ला असेल आणि ठसा उमटत नसेल, तर आरटीओत नाव बदलताना अडकाल. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे बघा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात; गाडी गोव्याच्या नंबरची असेल तर फॉर्म 28 ची एनओसीही. 2021 च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीलाच मिळते आणि ती रोजच्या वापरासाठी नसते. तेव्हा ऐंशी सालच्या पद्मिनीला कोणी ‘व्हिंटेज’ म्हणून भाव वाढवत असेल, तर तो देऊ नका.

सगळे फोटो आणि आकडे हातात आल्याशिवाय टोकन पाठवू नका. गाडी घाटावर आणायची तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून आणा, आणि बांधताना पट्टे चाकांवरून घ्यायला सांगा. पाट्यांच्या आधारांना किंवा फरशीला साखळी अडकवली तर आंबा घाटाच्या वळणांवर तिथलाच पत्रा फाटेल.