स्लेव्ह लॉज दाखवताना : नव्या गाइडसाठी

केपटाउनचं स्लेव्ह लॉज, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनी गुलाम केलेली माणसं जिथे कोंडून ठेवायची ती इमारत (आता संग्रहालय), दाखवताना नव्या गाइडची पहिली चूक दारातच होते. समोर मोठमोठ्या खिडक्यांची भारदस्त इमारत असते आणि पाहुण्यांना वाटतं, राहायची सोय तर बरी होती! म्हणून आत शिरण्याआधीच सांगा : डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ मध्ये बांधलेल्या या इमारतीला बाहेरच्या बाजूने खिडक्या नव्हत्या. उजेड यायचा तो आतल्या चौकाकडून, गजांच्या फटींतून. पुढे इंग्रजांनी इथे कचेऱ्या आणि न्यायालय आणलं, तेव्हा तिचं रूप पालटलं.

गटात दहा-बाराच माणसं ठेवा. बेड्यांपासून सुरुवात करू नका, नावांपासून करा. ‘सप्टेंबर’, ‘फेब्रुआरी’ ही माणसांची नावं होती, मालकांनी ठेवलेली. ‘फान बेंगालन’ (बंगालहून आलेला), ‘फान मलबार’ (मलबारहून आलेला) हे आडनाव नव्हे, आणि कदाचित जन्मगावही नसेल. माणूस जिथून जहाजावर चढवला, ते ठिकाणही नावाला चिकटायचं. भारतीय पाहुणे इथे हमखास थबकतात. मराठी माणूस वेंगुर्ल्याच्या डच वखारीबद्दल विचारतो. वखार होती, एवढंच सांगा. त्यावरून लॉजमधल्या कुणाचं गाव ठरवू नका.

केपला गुलाम म्हणून आणलेल्या अँजेला फान बेंगालनची गोष्ट सांगताना तिला लॉजमध्ये कोंडणं ही आणखी एक नेहमीची चूक. ती १६६६ मध्येच मुक्त झाली होती, लॉज बांधण्याच्या तेरा वर्षं आधी. शिवाय तिची गोष्ट आधी सांगितली की ‘म्हणजे सुटता यायचं तर!’ हा शेरा येतोच. ती अपवाद म्हणून, उशिरा सांगा.

तारखांचा घोळ फार होतो. १८०७ च्या इंग्रजी कायद्याने गुलामांचा व्यापार थांबला, गुलामी नाही. केप वसाहतीत गुलामी कागदोपत्री १ डिसेंबर १८३४ ला संपली, पण ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली चार वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं. साम्राज्यभर भरपाईचे दोन कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांसाठी. हे वाक्य घाईत उरकू नका.

शाळेच्या मुलांना बेड्या घालून बघायला लावू नका. फोटो निघतात, हशा होतो, संपलं. ‘गुलाम’ऐवजी ‘गुलाम केलेली माणसं’ म्हणा, जिभेला सुरुवातीला जड जातं.

शेवट चर्च स्क्वेअरमधल्या गुलामांच्या स्मारकाच्या ११ ग्रॅनाइट ठोकळ्यांपाशी करा. त्यांतल्या काहींवर गुलाम केलेल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. बोलणं थांबवा, वाचू द्या. कुणी ठोकळ्यावर टेकलं तर ओरडू नका. त्यावर काय कोरलंय, तेवढं मोठ्याने वाचायला सांगा.