नागपुरात बोअर मारताय? आधी शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून बघा

किती फूट मारायचा ते नंतर, आधी प्लॉट कोणत्या बाजूला ते बघा. पश्चिमेला वाडी-हिंगण्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पूर्वेला पारडी-कळमन्याकडे नाईस, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड, अन् उत्तरेला कामठीकडे काही भागात वाळूचा दगड. बेसॉल्ट हे लाव्ह्याचे एकावर एक थर, पण अख्खा थर पाणी देत नाही, पाणी असतं वरच्या मुरमात, थराच्या माथ्यावरच्या जाळीदार दगडात नाहीतर भेगांत, म्हणून शेजाऱ्याला १२० फुटावर लागलं म्हणून तुम्हालाही लागेलच असं काही नाही.

तरी शेजाऱ्यांकडे जाच. मे महिन्यात विहिरीचं पाणी किती खाली जातं, बोअरला केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून वरून घालतात तो पाईप, किती गेलं, एवढं विचारलं तरी पुष्कळ. पाणी कुठे लागेल ते सांगणारा पानाड्याही येईल तळहातावर नारळ घेऊन, आमच्या आईने बोलावलाच होता, मी गप्प बसलो. जागा संडासच्या टाकीपासून निदान ५० फूट लांब धरा. अन् २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर 'खोल' धरतात, तिच्यावर बंधनं आहेत, तेव्हा २०० फुटाच्या आसपास जायचं असेल तर आधी विचारून घ्या.

बोअरची गाडी लागली की घरात चहा करत बसू नका. दर १० फुटाला निघणारी भुकटी मूठभर घ्या अन् ताडपत्रीवर ओळीने ढीग मांडत जा. पिवळसर ओलसर म्हणजे मुरूम. बारीक करडी, कोरडी धूळ उडत राहिली तर अखंड दगड, तिथे निव्वळ फुटाचं मीटर पळतं. गेरूसारखा लाल चिखल आला की दोन थरांमधली लाल माती लागली, ती ढासळते, मिस्त्रीला लगेच सांगा. केसिंग मुरूम संपून पक्क्या दगडात थोडं आत गेलंच पाहिजे, इथे पैसे वाचवले की पहिल्याच पावसाळ्यात गढूळ पाणी. वाळूच्या दगडात मात्र भोक ढासळतं, तिथे खालपर्यंत जाळीचा पाईप लागतो.

पाणी लागलं की गाडीवाला "अजून ५० फूट मारू" म्हणतोच. त्याचं बिल फुटावर असतं, बाप्पा! आधी मोजा. कॉम्प्रेसर चालू ठेवून बाहेर येणारं पाणी एका धारेत वळवा, २० लिटरची बादली २० सेकंदात भरली म्हणजे तासाला ३६०० लिटर, घराला भरपूर झालं.

कोरडा गेला तर त्याच दिवशी मातीने बुजवा, नुसतं पोतं झाकून ठेवू नका, गल्लीत पोरं खेळत असतात.