बोन्सायला मुळांचं टॉनिक देण्याआधी मधला मातीचा गोळा काढा

मृग लागला की नर्सरीच्या गल्ल्यावर मुळं वाढवणाऱ्या बाटल्यांची रांग लागते. ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल), सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क), अमिनो आम्लं, मायकोरायझा (मुळांशी भागीदारी करणारी बुरशी), ‘बी-वन’ हे जीवनसत्त्व. बोन्सायवाले बाटली नेतात, कुंडीत ओततात आणि आर्द्रा सरता सरता वडाची पानं पिवळी पडून गळायला लागतात. मग दुसरी बाटली येते. टॉनिक कमी पडलं म्हणून झाड मरत नाही. नर्सरीच्या काळ्या पिशवीतला चिकण लाल मातीचा गोळा तसाच ठेवून, भोवती नवं मिश्रण भरून कुंडी पावसात ठेवली, म्हणून ते मरतं. दर पावसाळ्यात बरीच झाडं याच एका हयगयीने जातात.

हा गोळा वाळला की विटेसारखा टणक होतो आणि पाणी त्याच्या कडेकडेने निघून जातं. एकदा भिजला की आठ-आठ दिवस सुटत नाही. भोवतीचं भरड मिश्रण निथळलेलं असतं, पण चिकण मातीच्या बारीक छिद्रांतलं पाणी भरड खड्यांत उतरत नाही. मधली मुळं गुदमरतात. हवा संपली की मूळकुजीच्या बुरशा, पिथियम आणि फायटोप्थोरा, आत शिरतात. अशा चिखलात गुळाचा अंश असलेलं अमिनो ओतलं तर तिथले जिवाणू ते खाऊन उरलासुरला प्राणवायूही संपवतात. म्हणजे बाटलीचा उपयोग तर नाहीच, उलट अपाय.

आजच तपासा. बांबूची बारीक काडी खोडालगत तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. वरचा भाग कोरडा आणि टोकाला चिखल चिकटलेला असेल, तर आत गोळा आहे. झाड उपसून एक बारीक मूळ अंगठा आणि बोटात धरून हलकेच ओढा. कुजलेल्या मुळाची साल ओल्या कागदाच्या नळीसारखी सरकून हातात येते, आत नुसता दोरा उरतो आणि वास गटाराचा येतो. चांगलं मूळ ओढून सालटत नाही, त्याचं टोक पांढरं किंवा दुधाळ असतं.

वड, पिंपळ, उंबर, पिंपरी आणि बाकीचे फायकस यांची कुंडी बदलायला मृग ते पुनर्वसू हाच काळ. हवेत ओल असते, पानं कमी सुकतात. निरोगी फायकसचा गोळा आता एकाच वेळी पूर्ण काढता येतो. कामिनी आणि चायना ऑरेंज यांची मात्र निम्मीच बाजू मोकळी करा, उरलेली पुढच्या वर्षी. जुनिपर आणि अडेनियमला आता हात लावू नका, ती कामं फेब्रुवारीची. अडेनियम छपराखाली सरकवा.

गोळा काढताना:

- आदल्या दिवशी पाणी बंद.
- काडीने बाहेरून आत माती मोकळी करा, मग बादलीत बुडवून हलवा, शेवटी नळीच्या धारेने धुवा.
- झाड उलटं करून खोडाच्या अगदी खाली बघा. बहुतेक जण हे न बघताच थांबतात. लिंबाएवढा गोळा राहिला तरी कूज तिथूनच सुरू होते.
- सरळ खाली जाणारी जाड मुळं कापा, बारीक राखा. एकूण एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.
- भोकांवर जाळी, आणि तारेने झाड कुंडीला घट्ट बांधा. झाड वाऱ्याने हललं की नवी मुळं रोज तुटतात. टॉनिक घालून वाढवलेलीही तुटतात.

मिश्रण: ३ ते ५ मिमी विटांचा चुरा ६ भाग, जाड वाळू २ भाग, पूर्ण कुजलेलं खत किंवा पानखत २ भाग. कोकण आणि मुंबईच्या पावसाला चुरा ७, वाळू २, खत १. तिथे जांभ्याचे खडेही चालतात. चुरा चाळल्याशिवाय वापरू नका. २ मिमीच्या खालचं सगळं टाकून द्या. न चाळलेल्या विटेची पूड पहिल्याच पावसात तळाला बसते आणि काढून टाकलेला गोळा तुम्ही स्वतःच पुन्हा तयार करता.

तळाशी खापऱ्यांचा थर घालायची जुनी सवय सोडा. वरचं मिश्रण पाण्याने गच्च भरल्याशिवाय पाणी त्या थरात उतरतच नाही. त्यामुळे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. बोन्सायची कुंडी आधीच उथळ, तिला हे अजिबात परवडत नाही.

भरल्यावर तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. पंधरा दिवस ५० टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवा, चार आठवडे वरून खत नाही. जेडची कापलेली मुळं सावलीत ४-५ दिवस वाळवून मग लावा, पहिलं पाणी आठवड्याने.

आता बाटल्यांविषयी.

‘बी-वन’ म्हणजे थायमिन. झाड ते स्वतःच्या पानांत बनवतं आणि मुळांना पुरवतं. १९३०च्या दशकात प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढवलेल्या तुटक्या मुळांवर त्याचा परिणाम दिसला आणि समज पसरला. पानं असलेल्या पूर्ण झाडाला त्याचा फायदा नाही. यावर रुपयाही घालवू नका.

आयबीए आणि एनएए ही मुळं फुटवणारी, खरी काम करणारी संप्रेरकं आहेत, पण छाट कलमाला आणि गुटी कलमाला. कोवळ्या काडीला आयबीए १००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), निमजून काडीला ३०००, जून लाकडाला ८०००. भिंतीवरून उपटलेल्या, मुळं तुटलेल्या पिंपळाच्या कापावर ३०००ची पावडर लावणं योग्य. आर्द्रेत काढलेला असा पिंपळ पावसाच्या उघडिपीत काढलेल्यापेक्षा जास्त जगतो, हा शेतावरचा अंदाज आहे, मोजून काढलेला आकडा नाही. चांगली मुळं असलेल्या झाडाला मात्र हे देऊ नका. मात्रा जास्त झाली की मुळांची लांबी वाढणं थांबतं.

ह्युमिक: ९८ टक्के पोटॅशियम ह्युमेट लिटरला १ ग्रॅम, कुंडी बदलून महिन्याने एकदा आळवणी. नुसत्या विटांच्या मिश्रणात थोडा फरक पडू शकतो. खत असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही.

सीवीड: लिटरला २ मिली, पानांवर, संध्याकाळी. बोगनवेल जरा लवकर सावरते असं वाटतं. विकत घेण्याइतकं ते आवश्यक नाही.

मायकोरायझा: कुंडी बदलताना थेट मुळांवर चोळली तरच काही आशा, नंतर वरून शिंपडून काही होत नाही. फायकसला आर्बस्क्युलर (मुळांच्या पेशींत शिरणारा) प्रकार लागतो, पाइनला वेगळा. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची खतं जास्त झाली तर बुरशी मुळात फारशी शिरत नाही.

खर्च करायचाच तर ट्रायकोडर्मावर, म्हणजे मूळकुजीच्या बुरशांना रोखणाऱ्या उपयोगी बुरशीवर करा: मिश्रणात किलोमागे ५ ग्रॅम. तांब्याचं बुरशीनाशक आणि हे यांत पंधरा दिवसांचं अंतर हवं.

फेब्रुवारी २०२१पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढ चेतवणारी अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेश १९८५ खाली आलेली आहेत. लेबलवर घटकांचं प्रमाण, बॅच आणि मुदत नसेल तर बाटली परत करा, दुकानदार काहीही सांगो. तरी मन मानत नसेल तर सारखी दोन झाडं घ्या, दोन्हींचा गोळा काढा, एकालाच टॉनिक द्या आणि पुढच्या मृगात दोन्हींची मुळं शेजारी ठेवून बघा.

कूज लागलीच असेल तर:

- सगळी माती धुवा, कुजलेली मुळं टणक भागापर्यंत कापा, कात्री दर कापानंतर स्पिरिटने पुसा.
- कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला.
- निव्वळ विटांच्या चुऱ्यात लावा, निम्मी पानं कमी करा, छपराखाली उजेडात ठेवा.
- नवी पालवी येईपर्यंत खत नाही, टॉनिक नाही.

झडीच्या दिवसांत प्रत्येक कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवा, तळाचं साचलेलं पाणी भोकांतून गळून जातं. तीन दिवस सलग पाऊस झाला की पुन्हा काडी खुपसा.