पत्र दिल्लीत, उत्तर कोलकात्यात : खासगी कागदपत्रांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

वऱ्हाडातल्या वकिलांच्या राजकारणावर पीएचडी करायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांचा समज असा की अमरावतीत बसूनच काम होईल. टिळकांचे सहकारी असलेले वकील दादासाहेब खापर्डे अमरावतीचे, मग त्यांचे कागद आणखी कुठे असणार? त्यांच्या डायऱ्या आहेत दिल्लीत, जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे यांचे कागद तीन मूर्तीला, म्हणजे पूर्वीचं नेहरू स्मारक ग्रंथालय आणि आताचं प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय, तिथे. गोखल्यांचा पत्रसंग्रह पुन्हा जनपथावर. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांचं नाव आहे, पण जयकरांची कागदपत्रं पाहायला दिल्लीच गाठावी लागते. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावर काम करणार असाल, तर राहण्या-जेवणाची सोय दिल्लीत लावायची हे आधी धरून चाला.

सरकारी फाइल आणि खासगी कागदपत्रं यांत फरक आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या. सरकारी फाइलला क्रम असतो. टिपण, शेरा, आदेश, पुढच्या फाइलचा संदर्भ. ती कुठल्या तरी खात्याने कामासाठी उघडलेली असते. खासगी संग्रहात माणसाने ठेवलं ते असतं : पत्रं, भाषणांचे कच्चे मसुदे, लग्नपत्रिका, बिलं, वर्तमानपत्रांची कात्रणं. मरणानंतर घरच्यांनी त्यातलं काही काढलेलं असू शकतं, मग संस्थेने आपल्या पद्धतीने लावलेलं असतं. म्हणून संग्रहाची यादी उघडताना पहिला प्रश्न एकच विचारा : हे इथवर आलं कसं? गोखल्यांचे कागद त्यांनीच १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने जपले. संस्थेने जपलेल्या संग्रहात सार्वजनिक काम भरपूर दिसतं. कुटुंबाकडून आलेल्या संग्रहाचा तोंडवळा वेगळा असतो.

आता मुद्द्याचं. ‘जयकर पेपर्स’ असं नाव वाचलं की वाटतं, यात जयकर सापडतील. सापडतात, पण निम्मेच. माणसाच्या घरी साठतात ती त्याला *आलेली* पत्रं. त्याने लिहिलेली पत्रं टपालाने निघून गेलेली असतात आणि ज्याच्या हाती पडली त्याच्या संग्रहात असतात. हे एकदा सांगितलं की अगदी उघड वाटतं, तरी एकाच माणसाच्या एकाच संग्रहावर आख्खा प्रबंध उभा केलेले लोक मी पाहिले आहेत.

१९३० चं उदाहरण घ्या. सविनय कायदेभंग चालू होता, गांधीजी येरवड्याला आणि मोतीलाल-जवाहरलाल अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. जुलै-ऑगस्टमध्ये तेजबहादूर सप्रू आणि जयकर या दोघांनी काँग्रेस आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात मध्यस्थी केली. ऑगस्टच्या मध्याला नेहरू पितापुत्रांना नैनीहून येरवड्याला आणून सगळ्यांची बैठकही झाली. तडजोड काही झाली नाही. आता ही खटपट समजून घ्यायची तर कुठे जायचं? जयकरांचे कागद दिल्लीला. सप्रूंचा पत्रव्यवहार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. आयर्विनचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, ‘एमएसएस युर सी १५२’ या क्रमांकाखाली. सप्रूंनी जयकरांना काय लिहिलं ते दिल्लीत शोधायचं, जयकरांनी सप्रूंना काय लिहिलं ते कोलकात्यात, आणि दोघांच्या पाठीमागे व्हाइसरॉय भारतमंत्र्याला काय कळवत होता ते लंडनमध्ये. तीन शहरं, आणि गोष्ट एकच!

यात थोडा दिलासा टंकयंत्राचा. जयकर-सप्रूंसारखी वकील मंडळी पत्रं टाइप करून घेत आणि कार्बन कॉपी ठेवत, त्यामुळे गेलेल्या पत्राची प्रतही पुष्कळदा घरच्या फायलीत मिळते. मात्र कार्बन कॉपी आणि पोचलेलं पत्र एकच, असं गृहीत धरू नका. पाठवताना हाताने घातलेली एखादी ओळ कॉपीवर नसते, आणि नेमकी तीच ओळ कामाची निघते.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड याच रीतीने उभे राहिले. १९५६ मध्ये काम सुरू झालं तेव्हा संपादकांना ज्यांना ज्यांना पत्रं गेली त्यांच्याकडून मूळ पत्रं किंवा त्यांच्या प्रती मिळवाव्या लागल्या. त्या खंडांत पत्राखाली बारीक अक्षरात मूळ कुठलं ते दिलेलं असतं. जी. एन. म्हणजे दिल्लीच्या गांधी स्मारक निधीचा संग्रह, एस. एन. म्हणजे साबरमतीचा संग्रह. नवख्याने हे खंड इतर कशासाठी नाही तरी त्या तळटिपांसाठी चाळावेत. एका माणसाचा पत्रव्यवहार किती घरांत विखुरलेला असतो, ते तिथे दिसतं.

डायरीचं गणित निराळं. ती लिहिणाऱ्याकडेच राहते. खापर्डे वर्षानुवर्षं इंग्रजीत रोजनिशी लिहीत. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठी ते इंग्लंडला गेले आणि १९१० मध्ये परतले. साईभक्तांना त्यांचं नाव ठाऊक आहे ते १९११ च्या डिसेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंतच्या शिरडीच्या मुक्कामामुळे. तेवढा भाग स्वतंत्र छापलेलाही आहे. मी खापर्ड्यांवर काम करतो म्हटलं की अजूनही पहिला प्रश्न बाबांबद्दल येतो. पण छापलेला तुकडा वाचून डायरी वाचली असं म्हणू नये. उतारा निवडणाऱ्याला हवं ते तो घेतो. मुंज्यांच्या डायरीचंही तेच : १९३१ मधल्या मुसोलिनीभेटीचा मजकूर सगळे उद्धृत करतात, आणि त्याच्या आगेमागे काय आहे ते मायक्रोफिल्म फिरवल्याशिवाय कळत नाही. मायक्रोफिल्मने डोळे दुखतात. तासाभराने उठा, चहा घेऊन या.

कामाच्या बाकी गोष्टी पटकन सांगतो. मार्गदर्शकांचं विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं पत्र आणि ओळखपत्र, दोन्हींच्या जादा प्रती जवळ ठेवा. जाण्यापूर्वी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर शोध घ्या. बरंच काही घरबसल्या दिसतं आणि प्रवासाचे पैसे वाचतात. वाचनकक्षात पेन्सिल वापरा. मागणीच्या स्लिपा सकाळी लवकर भरा, कारण कागद वर यायला वेळ लागतो. सरकारी फाइल मागितली आणि स्लिप ‘एनटी’ असा शेरा घेऊन परत आली तर हिरमुसू नका. फाइल अभिलेखागाराकडे आलेलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘ब्रिटल’ असा शेरा आला तर कागद हात लावण्याच्या स्थितीत नाही. अशा वेळी तो मजकूर दुसऱ्या टोकाच्या संग्रहात आहे का ते बघा. बरेचदा वाट तिथूनच निघते.

तीन मूर्तीला मौखिक इतिहासाच्या मुलाखतींच्या टंकलिखित प्रतीही आहेत. स्वातंत्र्यचळवळीतल्या अनेकांच्या. पत्रं वाचून झाल्यावर त्याच माणसाची मुलाखत वाचा, आधी नको. आधी वाचली की उतारवयातली आठवण डोक्यात बसते आणि पत्रातली तारीख तिच्याशी जुळवायचा मोह होतो.

हस्ताक्षराला घाबरण्याचं कारण नाही. एका माणसाची सोपी पत्रं आधी ओळीने वाचा, त्याचा ‘टी’ आणि ‘एल’ कळला की अवघड पत्र आपोआप सुटतं. मोडी मात्र आपोआप येत नाही. मराठी घराण्यांचे हिशेब आणि घरगुती पत्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही मोडीत आहेत, आणि ‘माझा विषय आधुनिक आहे’ म्हणून मोडी टाळणाऱ्याची अर्धी पेटी बंदच राहते. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. लिपी तशी लवकर येते. जोडून लिहिलेली ओळ वाचायला सराव लागतो.

एक गोष्ट प्रकाशनाच्या वेळी अडते, म्हणून आत्ताच सांगतो. पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे तो मजकुराचा मालक नसतो. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ग्रंथालयात किंवा संग्रहालयात लोकांसाठी खुल्या असलेल्या अप्रकाशित लिखाणाला सवलत आहे : लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटल्यावर ते संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी उतरवून घेता येतं. सप्रू १९४९ मध्ये गेले, जयकर १९५९ मध्ये. या दोघांची अडचण उरली नाही. पण त्याच फायलीत १९८० मध्ये वारलेल्या कुणा कार्यकर्त्याचं पत्र असेल, तर ते आख्खं छापण्यापूर्वी त्याच्या वारसांना विचारावं लागेल. शिवाय देणगी देताना घरच्यांनी काही अटी घातलेल्या असू शकतात. त्या यादीच्या सुरुवातीलाच असतात, आणि ते पान फारसं कुणी वाचत नाही.

टिपणं घेताना प्रत्येक पत्राला सहा गोष्टी लिहा : कुणाचं, कुणाला, कुठून, तारीख, संग्रहाचं नाव, फाइल आणि पान क्रमांक. सातवी मी माझ्यापुरती जोडली आहे : उत्तर कुठे असू शकेल? हा रकाना बराच काळ रिकामाच राहतो. पण पुढच्या गावाला जाताना नेमकं काय मागायचं याची यादी त्यातूनच तयार होते, आणि मार्गदर्शकांना दौऱ्याच्या खर्चाचं कारण दाखवायलाही तोच कामी येतो.