चाकणला फ्लॅट किंवा प्लॉट घेण्याआधी काय बघावं

चाकणची जागा रविवारी बघू नका. रस्ते रिकामे असतात आणि एजंटही नेमका तेव्हाच बोलावतो. कामाच्या दिवशी, कारखान्यांची पाळी बदलायच्या वेळी जा. पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–शिक्रापूर रस्ता तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. तिथून कंपनीच्या गेटपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. भाडेकरू अंतर बघत नाही, ही मिनिटं बघतो.

मग भाड्याचा हिशोब. समजा फ्लॅट सगळा खर्च धरून ४० लाखांना पडतो आणि भाडं ११,००० आहे. वर्षाचे १,३२,०००. त्यातून महिना २,००० मेंटेनन्स आणि एक महिना रिकामा धरला, तर हातात उरतात ९७,०००, म्हणजे अडीच टक्केही नाहीत. भाडं एजंटला नाही, सोसायटीच्या वॉचमनला विचारा. टँकर आठवड्याला किती येतात तेही तोच सांगेल.

खरी फसगत गुंठ्यांत होते. 'एनए (बिगरशेती) होणारच आहे' म्हणत एक-दोन गुंठे विकतात, पण सातबारा सामाईक, म्हणजे अनेकांच्या नावावर एकत्र निघतो. हद्द कुठली हे कागदावर नसतं, बँक कर्ज देत नाही, पुढे विकतानाही गिऱ्हाईक अडतं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना आधी वाचा; भूसंपादनाचा शेरा किंवा बोजा तिथेच दिसतो. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढून ताडून बघा. नव्या इमारतीचा महारेरा (गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी) क्रमांक आणि ताब्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर तपासा, माहितीपत्रकावर नको.